कोपरीची परवल

कोपरी, ठाणे
ता. २१ जानेवारी १८९७

प्रिय क्लेमा,

देव तुम्हा तिघांना राखो. तुझं नाताळचं पत्र मिळालेलं, पण ऑस्वल्ड अजून तीन महिन्यांचा नाही आणि मांडीवरून उतरत नाही. म्हणून उत्तराला उशीर. शाळेत असताना तू म्हणायचीस ना, गर्ट्रूडला बोलायला सांगा, लिहायला नको. तसंच आहे अजून.

इथली बातमी म्हणजे तुझा दादा. पलटण सोडून आला, आमचं लग्न झालं, तेव्हापासून पायसला इतका खूश मी पाहिलेला नाही. ठाण्याच्या बाजारात गाठीच्या तापाने माणसं गेली, तेव्हा त्याने सगळ्या कोपरीला क्रूसापाशी बोलावलं. आपले आले, कोळी आले, मिठागरावरचे आले. सरकारी लोक येऊन घरं उकरतील त्याआधी आपणच गाव बंद करू, असं त्याने सांगितलं आणि सगळ्यांना पटलं. स्टेशनाकडच्या वाटेवर क्रूसाजवळ दोरखंड बांधलाय. तिथे दोघे-दोघे काठी घेऊन उभे राहतात. जो परवल सांगेल त्यालाच आत सोडायचं. कोळीवाड्यातल्या हौसाबाईला वाटलं, ही भाजी आहे. तिने दोन दिवस विचारलं की परवल कुठून आणायची.

पोरांनी गाणंच केलंय. “कोपरी कोरी, मरी वेशीवरी” असं ओरडत दिवसभर फिरतात. डेनिसभावोजींना सांग, हसतील.

कल्याणात कसं आहे ते कळव. विनिफ्रेडला माझा पापा.

तुझी
गर्ट्रूड


कल्याण, रेल्वे चाळ
ता. ३ फेब्रुवारी १८९७

प्रिय गर्ट्रूड,

पत्र पोचलं. विनीने ते गाणं पाठ केलं आणि आता चाळीत म्हणत फिरते. मी तिला सांगितलं की कल्याणात कोपरीचं गाणं चालत नाही. तिला ते पटलं नाही.

इथे बरं आहे असं लिहिणार होते. आमच्या रांगेतली शेवटची खोली परवा बंद झाली. माणसांना दवाखान्याच्या झोपड्यांत नेलं आणि त्यांचं सामान अंगणात जाळलं. डेनिस रोज रुळांच्या सांध्यांवर जातो. सांधेवाल्याला सुट्टी मिळत नाही, गाड्या तर पूर्वीपेक्षा जास्त, सगळी मुंबई पळून चाललेली. काल त्याला थोडी कणकण होती. आज कामावर गेलाय.

मला एक सांग. कोपरीत कोण कोणाला ओळखत नाही? आपण सगळे एकमेकांच्या लग्नात नाचलेलो. मग माणसाला शब्द कशाला विचारायचा? तोंड बघितलं की कळतं. दादाला विचार आणि मला लिही. ही परवल म्हणजे नक्की काय, ते मला समजलं नाही.

तुझी
क्लेमेंटिना


कोपरी
ता. ११ फेब्रुवारी १८९७

प्रिय क्लेमा,

तुझ्या दादाला विचारलं. तो म्हणाला, हा साहेबांच्या पलटणीतला शब्द, आपल्या शिपायांनी आपल्या तोंडात बसवला. छावणीत रोज एक शब्द ठरतो. बाहेरून कोणी आलं की पहारेकरी “हुकुमदार” म्हणून ओरडतो, आलेला थांबतो आणि तो शब्द हळूच सांगतो. शब्द चुकला तर आत येणं नाही, मग तो सुभेदार का असेना.

तुझा प्रश्न मी तसाच्या तसा विचारला. तो म्हणाला, तोंड बघायचं नाही म्हणूनच तर शब्द. तोंड बघायला लागलो तर प्रत्येक जण कोणाचा ना कोणाचा भाऊ निघतो.

आमचा शब्द आठवड्याचा असतो. खाडीतल्या मासळीचं नाव, म्हणजे सगळ्यांना जमतं. पहिला आठवडा जिताडा होता, मग बोय. जो गावात राहतो त्याला नवा शब्द कळतो. जो बाहेर राहिला त्याला कळत नाही, मग त्याने बाहेरच राहायचं. मला आधी हे पोरखेळासारखं वाटायचं. पण अजून गावात एकालाही ताप नाही, क्लेमा. आता ते पोरांचं गाणंसुद्धा मोठी माणसं म्हणतात. मिठागरावर जाताना एक ओरडतो, बाकीचे साथ देतात. त्यालाही परवलच म्हणायला लागलेत. एक कानात सांगायची, दुसरी गावभर ओरडायची, आणि दोन्हींना नाव एकच.

भावोजींची कणकण गेली का? तू त्याबद्दल एकच ओळ लिहिलीस.

तुझी
गर्ट्रूड


कल्याण
ता. २२ फेब्रुवारी १८९७

प्रिय गर्ट्रूड,

डेनिस गेला. तुझं पत्र आलं त्याच दिवशी सकाळी. जांघेत गाठ होती, त्याने मला दाखवली नव्हती. दवाखान्यात नेलं तेव्हा मला आत जाऊ दिलं नाही. पुरला कुठे ते माहीत आहे. पाद्री येऊ शकले नाहीत.

खोलीतलं सगळं जाळलं. आमच्या लग्नाचा पेटारा, विनीचे फ्रॉक, तुझी पत्रं. आम्हा दोघींना शहराबाहेरच्या झोपड्यांत ठेवलंय. इथून पुढच्या सोमवारी, एक मार्चला, सोडणार आहेत. त्याआधी नाही, मी डॉक्टरच्या माणसाला दोनदा विचारलं. सोडल्यावर चिठ्ठी देतील, त्या चिठ्ठीवर ठाण्याची गाडी मिळते.

रेल्वेने खोली दुसऱ्याला दिली. मला घरी यायचंय. दादाला सांग आणि तो शब्द मला कळव. विनीला बरं आहे. आज तिने दोन वेळा भात खाल्ला.

क्लेमेंटिना


कोपरी
ता. २५ फेब्रुवारी १८९७

प्रिय क्लेमा,

काय लिहू. डेनिसभावोजींसाठी घरात रोझरी केली. दादा उठून खाडीवर गेला आणि दिवे लागल्यावर परत आला.

शब्द “निवटी” आहे. पत्र फाडून टाक. तू येणार हे मी दादाला सांगितलंय.

ऑस्वल्डला दात येतायत, सारखा रडतो. हात आवरते.

तुझी
गर्ट्रूड


कल्याण, दवाखान्याच्या झोपड्या
ता. २० मार्च १८९७

प्रिय गर्ट्रूड,

तुला कळलं असेलच. दादाने काय सांगितलं ते मला माहीत नाही, म्हणून जे झालं ते लिहिते.

एक तारखेला, सोमवारी सकाळी आम्हाला सोडलं. ठाण्याला उतरलो. विनीचं अंग थोडं गरम लागत होतं. मला वाटलं ऊन. स्टेशनावरून चालत क्रूसापर्यंत आलो. दोरीपाशी कोळीवाड्यातला गुणाजी उभा होता आणि त्याच्या मागे थोड्या अंतरावर दादा. गुणाजीने हुकुमदार म्हटलं. तो माझ्या लग्नात वाजवायला होता. मी निवटी म्हणाले.

गुणाजीने मागे दादाकडे पाहिलं. दादा म्हणाला, “क्लेमा, तो शब्द गेल्या आठवड्याचा.”

मी म्हणाले, “शब्द जुना असेल. मी तीच आहे.”

त्याने मान खाली घातली. तोपर्यंत आणखी माणसं जमलेली. मला माहीत होतं की मासळीचं नाव असतं. तेव्हा मी बोय म्हणाले, जिताडा म्हणाले. विनीला वाटलं खेळ आहे. तीही सांगायला लागली. तिला मी संध्याकाळी नावं शिकवायचे, खाडीतली सगळी तिला येतात. ती एकेक बोटावर मोजून सांगत होती, आणि प्रत्येक नाव झालं की मामाकडे बघायची. आमच्याकडची नावं संपली. दादा म्हणाला, अंदाजाने सांगितलेला शब्द धरत नाहीत.

मग त्याने घरातून भाकऱ्या आणि एक चादर मागवली आणि क्रूसाच्या पायरीवर ठेवून मागे सरला. मी ती उचलली. तू ओसरीवर होतीस का? मला तिकडचं नीट दिसलं नाही.

संध्याकाळच्या गाडीने परत कल्याणला आलो. स्टेशनावर तपासणीला त्यांनी विनीच्या बगलेत हात घातला आणि आम्हाला बाजूला काढलं. ती त्याच शुक्रवारी गेली. या वेळी मला आत राहू दिलं, कारण माझ्याकडे जायला दुसरी जागा नव्हती.

मी रडलेली नाही. इथल्या बाया विचारतात. मी जेवते, झोपते. डॉक्टरला वाचता येणारी बाई हवी होती, म्हणून मी आता इथेच काम करते. आजाऱ्यांना पाणी देते, नावं विचारून सांगते.

दादाला सांग की त्याचं चुकलं नाही. विनी आत आली असती तर ऑस्वल्डला घेऊन बसली असती. मी हा हिशेब खूपदा करून पाहिला. तो दर वेळी तसाच येतो.

क्लेमेंटिना


कोपरी
ता. ६ एप्रिल १८९७

प्रिय क्लेमा,

तुझं पत्र उशाशी ठेवून मी तीनदा लिहायला बसले. विनीसाठी ठाण्याच्या देवळात मिस्सा सांगितली आहे. शब्द रविवारी मिस्सेनंतर बदलतो, सगळ्या गावासमोर, त्याला मी काय करणार होते? मी ओसरीवर नव्हते. ऑस्वल्डला पाजत आत होते.

दादा जेवत नाही. पहाऱ्यावर मात्र जातो. गावाला अजून काही झालेलं नाही. सगळे म्हणतात की पायसने स्वतःच्या बहिणीला थांबवलं म्हणून कोपरी वाचली. पाद्रींनीसुद्धा त्याचं नाव घेतलं. क्रूसाच्या चौथऱ्यावर चुन्याने लिहिलंय, कोपरी कोरी.

तू ये. ऊन उतरलं की ये. पावसाळ्यात दोरी सोडणार आहेत.

तुझी
गर्ट्रूड


कोपरी
ता. १४ ऑगस्ट १८९७

प्रिय क्लेमा,

दोरी सोडली त्याला दोन महिने झाले. तुझं उत्तर नाही. कल्याणहून येणाऱ्या कोणाकोणाला विचारते. एकाने सांगितलं, तू झोपड्यांतच आहेस आणि बरी आहेस. ऑस्वल्ड रांगतो.

गर्ट्रूड


ठाणे, मिठागराजवळच्या झोपड्या
ता. ९ फेब्रुवारी १८९८

प्रिय गर्ट्रूड,

तारखेवरून आणि जागेवरून तुला समजलं असेल की मी इथे आहे. कोपरीत आजार निघाला तेव्हा कल्याणच्या डॉक्टरने मला इकडे पाठवलं. इथून तुझ्या घराची कौलं दिसतात. तुला घराबाहेर पडायची बंदी आणि मला इथून हलायची, म्हणून पत्र लिहिते. नेणारा शिपाई ते तुझ्या उंबऱ्यावर टाकेल.

आजार कसा आला ते इथे कोणालाच सांगता येत नाही. या वर्षी दोरी पुन्हा बांधलेली होती. परवलही होती म्हणतात. आधी उंदीर मेले.

दादाला शनिवारी आणलं हे तुला माहीत आहे. तो काल दुपारी गेला. तुला आज सकाळी शिपायाने सांगितलं असेल, पण माझ्याकडूनही कळावं. फार ओढलं नाही. मी शेजारी होते. त्याने मला पहिल्या दिवशी ओळखलं, नंतर कधी ओळखायचा, कधी नाही.

रविवारी तो शुद्धीवर होता आणि बराच वेळ बोलला. ते तुला सांगायचं की नाही, याचा मी एक दिवस विचार केला. सांगते.

तो म्हणाला, “गेल्या साली त्या शनिवारी मी दिवसभर दोरीपाशी उभा होतो. तू शनिवारी येणार, असं गर्ट्रूड म्हणाली होती.” त्याने गुणाजीला सांगून ठेवलेलं की बहीण निवटी म्हणेल, तिला आत सोड, मी बघतो. शब्द बरोबर असला की गावाला बोलायला जागा राहणार नव्हती. तो अंधार पडेपर्यंत थांबला. त्याला वाटलं, मी वेळेवर निघाले नाही. दुसऱ्या दिवशी, रविवारी, गावासमोर नवा शब्द ठरला, आणि मग त्याच्या हातात काही उरलं नाही.

मी तुला लिहिलं होतं की सोमवारच्या आधी सोडणार नाहीत. ते पत्र तू त्याला वाचून दाखवलं असशील, तेव्हा ती ओळ सोडलीस. ही गोष्ट मी त्याला सांगितली नाही. तो विचारत होता, उशीर का झाला. मी म्हणाले, गाडी चुकली.

आणखी एक त्याने सांगितलं. त्या आठवड्याचा शब्द शिंगाळा होता. विनीने तो सांगितला होता. बोटं मोजताना मधेच. गुणाजीने दोरी खाली करायला हात घातलेला, दादाने त्याला थांबवलं. हे सांगताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याला पाणी हवं होतं, ते दिलं.

त्याला मिठागराच्या पलीकडे, चिंचेखाली ठेवलंय. या वेळी पाद्री आले होते.

क्लेमेंटिना


कोपरी
ता. १० फेब्रुवारी १८९८

क्लेमा,

हो. ती ओळ मी वाचली नाही, त्याला शनिवार सांगितला.

तो तुला आत घेणार हे मला माहीत होतं. तो तोंड बघायचं नाही म्हणायचा, पण तुझं तोंड त्याने बघितलं असतं. ऑस्वल्ड चार महिन्यांचा होता. तू येऊ नकोस असं लिहायला हात उचलला नाही, आणि शब्द पाठवला नसता तर तो मला विचारत राहिला असता. म्हणून पाठवला. मी त्या दिवशी आत पाजत बसले नव्हते. ऑस्वल्ड झोपलेला होता. मी दाराच्या फटीतून विनीला बघत होते. तिची नावं मला ऐकू येत होती. शिंगाळा ऐकला तेव्हा मी देवाला म्हणाले, त्याला ऐकू येऊ देऊ नकोस.

हे लिहायला मला वर्ष लागलं असं समज.

आज सकाळपासून मला थंडी वाजते आणि काखेत दुखतंय. शिपायाला सांगितलं, दुपारी मला न्यायला येतील. आजारी बाईबरोबर पोर ठेवत नाहीत म्हणे. ऑस्वल्डला काही नाही, चालतो, खातो. हौसाबाईला विचारलं, तिच्या सुनेने दार लावून घेतलं. दोन-तीन घरं विचारली. मी रागावत नाही, मी त्यांच्या जागी दार उघडलं नसतं.

मला सांगायला दुसरं कोणी नाही. तू नाही म्हणालीस तर शिपायाकडे तसं सांग, मी समजेन.

गर्ट्रूड


मिठागराजवळच्या झोपड्या
ता. ११ फेब्रुवारी १८९८

प्रिय गर्ट्रूड,

तू बायकांच्या झोपडीत आहेस आणि मी या टोकाला. डॉक्टर मला तुझ्याकडे येऊ देत नाहीत, कारण ऑस्वल्ड माझ्याकडे आहे. हे पत्र रखमाबाई घेऊन येतील. त्या तुमच्या झोपडीत पाणी देतात, त्यांना वाचता येतं.

काल तुला नेल्यावर डॉक्टरला विचारून मी दोरीपाशी गेले. गुणाजीने त्याला हाताला धरून आणलं आणि वाटेवर सोडून तो मागे सरला. पोर चालत आलं, मधेच बसलं, माती तोंडात घातली. मी दोरी उचलून आत गेले आणि त्याला उचललं. कोणी अडवलं नाही. बघायलाही कोणी नव्हतं.

रात्री ओकेपर्यंत रडला. मग शेळीचं दूध कापडाच्या वातीने पाजलं. सकाळी वाटीने प्यायला. अंग गार आहे, मी सारखा हात लावून बघते. बगल बघितली, जांघ बघितली, काही नाही. अंगावर घालायला काही नव्हतं, म्हणून माझ्या लुगड्याचा काठ सोडून मधलं कापड फाडलं. काठ तसाच ठेवलाय, का ते माहीत नाही. कावळ्याला तो काका म्हणतो आणि मलाही काका म्हणतो.

तू लिहिलंस ते वाचलं. माझ्याकडून राग येईल म्हणून वाट बघू नकोस. मी स्वतः वर्षभर त्याची वाट बघितली. सकाळी उठले की बघायचे, आज आला का. तो आला असता तर बरं झालं असतं. दादाला पाणी देताना आला नाही. तुझं पत्र वाचताना आला नाही. काल पोराला उचललं तेव्हा त्याच्या वजनाने खांदा दुखला, तेवढं मात्र कळलं. पूर्ण रात्र दुखत होता.

तू बरी झालीस तर त्याला घेऊन जा. नाही झालीस तर तो माझ्याकडे राहील. यात तू विचारायचं किंवा मी सांगायचं असं काही राहिलेलं नाही.

एकच हवंय. तो नीट झोपत नाही. दोनदा उजव्या कुशीवर वळवला, दोन्ही वेळा जागा झाला. त्याला डावीकडे झोपायची सवय आहे का? उत्तर लिहू नकोस, हात हलवायचा नाही असं डॉक्टर म्हणतात. रखमाबाई वाचून दाखवतील तेव्हा नुसती मान हलव. त्या येऊन मला सांगतील.

क्लेमेंटिना